मन उठत नसेल तेव्हा शरीर कसं उठवायचं

‘जरा फिरून ये, बरं वाटेल.’ नैराश्यातून जाणाऱ्या ज्या माणसाला हे कुणी ऐकवलेलं नाही, असा माणूस मला अजून भेटायचाय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मान, पाठ, खांदा धरून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं खरं दुखणं वेगळंच निघतं, आणि काहींना तर मानसोपचारतज्ज्ञच चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवतात. फिरायचा सल्ला खोटा नाही. पण अंथरुणातून उठून दात घासायलाच ज्याची अर्धी सकाळ जाते, त्याला ‘फिरून ये’ एवढं सांगून काय होणार? उठवत नाही हेच तर त्याचं दुखणं.

म्हणून व्यायाम चांगला असतो हे मी पुन्हा सांगत बसणार नाही. सुरुवात कशी करायची, किती करायचं आणि कुठे थांबायचं, तेवढंच सांगते. आणि एक गोष्ट आधीच: नैराश्य आणि चिंता यांना लोक एकाच दमात ‘टेन्शन’ म्हणून टाकतात, पण व्यायामाच्या बाबतीत दोघांची अडचण वेगळी आहे. नैराश्यात सुरुवातच होत नाही. चिंतेत, विशेषतः पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके, येत असतील तर, सुरुवात होते. पण छाती धडधडली की माणूस घाबरून थांबतो. एकाला लागू पडणारी युक्ती दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

विश्वास किती ठेवायचा

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नाशीपुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांचे तीन गट केले. एका गटाला सर्ट्रालिन हे औषध, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. १९९९ मध्ये निष्कर्ष आले: औषधाच्या गटाला आराम लवकर पडला, पण १६ आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळजवळ सारख्याच ठिकाणी होते. त्याच संशोधकांनी पुढे २०२ जणांवर अभ्यास केला, त्यात बनावट गोळीचाही (दिसायला औषधासारखी, पण आत औषध नसलेली) गट होता. २००७ च्या त्या अभ्यासात देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी ४५ टक्के, घरी एकट्याने करणाऱ्यांपैकी ४० टक्के, औषध घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. बनावट गोळीवालेही ३१ टक्के बाहेर आले, हेही लक्षात ठेवा. म्हणजे व्यायामाचा परिणाम खरा आहे, पण जादू नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या ३६१ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचारांच्या जोडीला अर्ध्या लोकांना हालचाल वाढवण्यासाठी मार्गदर्शन दिलं, भेटी घेतल्या, फोन केले. त्यांची हालचाल थोडी वाढली. नैराश्यात मात्र फरक पडला नाही. ड्यूकमध्ये आठवड्यातून तीनदा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जोराने व्यायाम व्हायचा. ब्रिटनमध्ये बराचसा भर समजावण्यावर होता. दोन्ही अभ्यास समोर ठेवून मी माझ्यापुरता अर्थ असा काढते की ‘थोडं ॲक्टिव्ह राहा’ हा सल्ला पुरेसा नाही. काय, कधी, कुठे, किती वेळ हे ठरलेलं हवं.

२०२४ मध्ये २१८ चाचण्या एकत्र करून मांडलेलं एक मोठं विश्लेषण आलं. चालणं किंवा हळू धावणं, योगासनं आणि ताकदीचे व्यायाम हे त्यात वरच्या क्रमांकावर होते. या क्षेत्रातल्या बऱ्याच चाचण्या लहान असतात, आणि आपण व्यायामाच्या गटात आहोत हे माणसाला कळतंच, ते लपवता येत नाही. त्यामुळे पहिला कोण, दुसरा कोण यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुमच्या हातून जो होईल तो.

आणि गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवायच्या. व्यायाम सुरू केला म्हणून मनाने औषध बंद करणारे माझ्याकडे येतात, त्यांना मी आधी डॉक्टरांकडे परत पाठवते आणि मग व्यायामाचं बोलते.

नैराश्य असेल तर: आधी बूट

‘मूड आला की करेन’ हे निरोगी माणसाला परवडतं. नैराश्यात मूड यायची वाट बघत बसलं तर महिने जातात, कारण मूड आणणारी यंत्रणाच बिघडलेली असते. पीटर लेविनसन आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हे नीट मांडलं: माणूस उदास होतो, म्हणून बाहेर पडणं, लोकांना भेटणं, आवडीचं काही करणं बंद करतो, ते बंद झालं की आनंद देणारं काही उरत नाही, म्हणून आणखी उदास होतो. हे चक्र तोडायचं तर कृती आधी करावी लागते. बरं वाटणं मागून येतं, आणि पहिले काही दिवस येतही नाही.

माझ्याकडे एक शिक्षिका यायच्या. दीर्घ रजेवर होत्या. ‘चालायला जा’ म्हटलं की मान हलवायच्या आणि जायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, ‘मला फिरायचंच नाहीये हो, तुम्ही समजूनच घेत नाही.’ मी म्हटलं, ठीक आहे, फिरू नका. फक्त बूट घाला आणि दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन उभ्या राहा. नको वाटलं तर आत या, बूट काढा, झोपा.

हे आम्ही अगदी बारकाईने ठरवलं. बूट दाराशी ठेवायचे नाहीत, पलंगाच्या कडेला ठेवायचे. आणि मोजे बुटातच खोचलेले. नाड्या इतक्या सैल की वाकून बांधायची गरज पडू नये. डोळे उघडल्यावर पडल्या पडल्या आधी फक्त घोटे हलवायचे, पाऊल पुढे आणि मागे. मग कुशीवर वळून पाय खाली सोडायचे आणि तळवे जमिनीला टेकवून बसायचं. मग मोजे, बूट, दार, पायरी. कॅलेंडरवर खूण करायची ती बूट घातल्याची, चालल्याची नाही. ज्या दिवशी त्या पायरीवरूनच परतल्या, त्या दिवशीही खूण झाली. असे दिवस बरेच गेले. नंतर त्या स्वतःच म्हणाल्या, ‘बूट घातलेच आहेत तर कोपऱ्यापर्यंत जाऊन येते.’

तुम्हाला पायरी नसेल, बूट नसतील; बाल्कनी असेल, जिना असेल. कामाचा पहिला तुकडा इतका लहान करा की आजच्या सगळ्यात वाईट दिवशीही तो जमेल. मग त्याच्यापुढचा तुकडा ऐच्छिक ठेवा, आणि खरोखरच ऐच्छिक. ‘पायरीपर्यंत’ म्हणायचं आणि मनात अर्धा तास धरायचा, हे मनाला लगेच कळतं आणि ते उद्या पायरीपर्यंतही येत नाही.

वेळेबद्दल एक गैरसमज आहे. पहाटेचाच व्यायाम खरा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. बऱ्याच नैराश्यग्रस्तांची सकाळ ही दिवसातली सगळ्यात वाईट वेळ असते आणि संध्याकाळकडे थोडं हलकं वाटू लागतं. अशा माणसाने पहाटेचा हट्ट धरला तर तो रोज हरून दिवसाची सुरुवात करणार. चार-पाच दिवस लक्ष ठेवा: कोणत्या वेळी त्यातल्या त्यात बरं असतं? ती वेळ व्यायामाची. सकाळच्या उजेडाचा झोपेला फायदा होतो हे खरं, म्हणून जमलं तर सकाळी खिडकीत किंवा बाहेर थोडं बसा. चालायचं ते संध्याकाळी चाला. फक्त झोपायच्या तोंडावर दमछाक करणारं काही नको.

वेळ ठरली की ती एखाद्या रोजच्या गोष्टीला जोडा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ अशा वाक्यांचा अभ्यास केला. नुसत्या ‘मी व्यायाम करणार’ या निश्चयापेक्षा असं वाक्य जास्त तडीस जातं. ‘संध्याकाळी भांडी आवरली की बूट घालेन.’ हे वाक्य कागदावर लिहा. पावसाचं, पाहुण्यांचं, रात्रभर झोप न झाल्याचं असं एकेक पर्यायी वाक्यही लिहून ठेवा: ‘पाऊस असला तर घरातच खुर्चीचे व्यायाम.’ नैराश्यात ऐन वेळी निर्णय घेणं फार जड जातं, म्हणून निर्णय आधीच करून ठेवायचा.

किती जोर लावायचा

साधी परीक्षा: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. बोलता बोलता गाणंही म्हणता येत असेल तर तुम्ही रमतगमत चालला आहात. वाक्य अर्ध्यात तुटत असेल तर जोर जास्त झाला. यासाठी ठोके मोजणारं घड्याळ लागत नाही, पट्टा लागत नाही.

सुरुवातीला रमतगमत चालणंही चालेल. पुढे मात्र जोर हळूहळू वाढवा, कारण २०२४ च्या त्या विश्लेषणात जोराच्या व्यायामाचा नैराश्यावरचा परिणाम जास्त दिसला. पण एक मर्यादा आहे. धाप लागण्याच्या पलीकडे गेलं की बहुतेकांना तो व्यायाम त्या क्षणी नकोसा वाटतो, आणि नकोशी गोष्ट माणूस उद्या टाळतो. उद्याही जावंसं वाटणं हे आजच्या घामापेक्षा महत्त्वाचं.

शेवट कसा होतो यालाही किंमत आहे. सुरुवातीला जोर ठेवून हळूहळू कमी करत नेला तर तेवढाच व्यायाम जास्त सुखाचा वाटतो आणि नंतर आठवतोही तसाच, असं २०१६ च्या एका प्रयोगात दिसलं. मी ते असं वापरते: थोडं सैलसर चालून अंग मोकळं झालं की जोराचा भाग उरकून घ्यायचा आणि शेवटची काही मिनिटं मुद्दाम रेंगाळायचं. घराच्या दारात दमून, धापा टाकत पोचायचं नाही.

आणि एक वही ठेवा. बूट घालायच्या आधी शून्य ते दहामध्ये एक आकडा लिहायचा: ‘जाऊन आल्यावर मला किती बरं वाटेल?’ परत आल्यावर दहा मिनिटांनी दुसरा आकडा: प्रत्यक्षात किती वाटलं. व्यायामाआधी माणसं त्यातून मिळणाऱ्या आनंदाचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी लावतात, कारण मनाचं लक्ष सुरुवातीच्या कंटाळवाण्या भागावर असतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे दिसलंय, तेही नैराश्य नसलेल्या लोकांत. नैराश्यात तर अंदाज आणखीच काळा असतो. दोन आठवड्यांनी वही चाळली की स्वतःच्या हस्ताक्षरातच दिसतं: आधी दोन लिहिलंय, नंतर चार. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मन मानत नाही. स्वतःचं हस्ताक्षर थोडंफार मानतं.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. एका वेळच्या चालण्याने मिळणारा हलकेपणा काही तासांत विरतो. टिकणारा फरक आठवड्यांच्या हिशोबात येतो. म्हणूनच अभ्यास आठ, बारा, सोळा आठवड्यांचे असतात. आणि बरेच महिने अंग हललं नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पोटऱ्या दुखणार. ते आजार बळावल्याचं लक्षण नाही. सांधा सुजला, चालताना कळ आली, तर गोष्ट वेगळी.

चिंता आणि पॅनिक असेल तर: धडधडीशी ओळख

आता दुसरी बाजू. छातीत धडधड, श्वास अपुरा, हात ओले, डोकं हलकं. हे पॅनिक अटॅकचं वर्णन आहे, आणि चार जिने भराभर चढल्याचंही हेच वर्णन आहे. ज्याला अटॅक येऊन गेलेत त्याच्या मनात या दोन्हींची गाठ पक्की बसलेली असते. म्हणून तो जिना टाळतो, पळत जाऊन बस पकडणं टाळतो, घाम येईल असं सगळंच टाळतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आळशी आहे.

इथे व्यायामाचा उपयोग नेमका या गाठीवर होतो. शरीर मुद्दाम धडधडायला लावायचं, काही वाईट होत नाही हे अनुभवायचं, आणि ती धडधड आपोआप शांत होताना पाहायची. पुन्हा पुन्हा केलं की शरीराच्या त्या खुणांची भीती उतरते.

आधी एक अट: छातीतली धडधड हृदयाची नाही, थायरॉइडची नाही, रक्त कमी असल्याची नाही, हे डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं हवं. ते झालं की पुढचं.

पहिल्यांदा ओळखीचं कुणीतरी जवळ असू द्या. जिन्याच्या एका पायरीवर अर्धा मिनिट चढ-उतार करा. थांबा. भिंतीला टेकू नका, लगेच खाली बसू नका, खोल श्वास घेऊन ‘शांत व्हायचा’ प्रयत्नही करू नका. जे होतंय ते मोठ्याने नुसतं सांगा: ‘धडधडतंय. धाप लागलीय. तळहात ओले झालेत.’ एवढंच. ‘आता मला काहीतरी होणार’ हे त्यात जोडायचं नाही. तो अंदाज आहे, निरीक्षण नव्हे. धडधड उतरेपर्यंत उभे राहा. उतरली की पुन्हा अर्धा मिनिट. जमू लागलं की एक मिनिट, मग पूर्ण जिना, मग एकट्याने, मग रस्त्यावर भराभर चालणं.

नाडी तपासायची नाही. हे सांगायला सोपं आहे. माझ्याकडे येणारा एक तरुण दर अर्ध्या मिनिटाला दोन बोटं गळ्याला लावायचा. त्याला स्वतःला कळायचंही नाही. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ काढायला लावलं, तरी बोटं गळ्याकडे जायचीच. शेवटी मी त्याच्या दोन्ही हातांत एकेक मऊ चेंडू दिला आणि म्हटलं, हे दाबत चढायचं. हात गुंतले आणि बोटांना वाट राहिली नाही. आकडा दिसला नाही तरी हृदय आपलं काम करतं, हे त्याला असं चेंडू दाबत दाबत पटलं. सारखी नाडी बघणं, खिशातली गोळी चाचपणं, दवाखान्याच्या जवळच्याच रस्त्याने फिरणं या सगळ्या धीर देणाऱ्या सवयी भीतीला जिवंत ठेवतात. एकदम सगळ्या सोडू नका. एकेक सोडा, आणि समुपदेशक असतील तर त्यांच्याशी बोलून.

तरी व्यायामाकडून इथे अवास्तव अपेक्षा नको. जर्मनीतल्या १९९८ च्या एका अभ्यासात पॅनिकच्या ४६ रुग्णांना दहा आठवडे धावणं, क्लोमिप्रामिन हे औषध किंवा बनावट गोळी दिली. धावणं बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं, पण औषध त्याहून लवकर आणि जास्त लागू पडलं. नॉर्वेत जवळजवळ ३४ हजार निरोगी लोकांचा ११ वर्षं मागोवा घेतला, त्यात नियमित व्यायाम करणाऱ्यांना पुढे नैराश्य कमी आलं. चिंताविकार मात्र कमी झालेला दिसला नाही. म्हणजे चिंता असलेल्याला व्यायामाने आराम पडू शकतो, पण व्यायाम करतो म्हणून चिंता येणारच नाही असं नाही.

नुसती काळजी, डोक्यात चक्र, रात्री झोप नाही, पण पॅनिक नाही, अशांना जिन्याच्या प्रयोगाची गरज नाही. त्यांना लक्ष गुंतवणारा व्यायाम बरा पडतो. सरळ रस्त्यावर एकट्याने चालताना डोकं आपला कारखाना चालूच ठेवतं. बॅडमिंटन, टेबल टेनिस, पोहणं, नाच, कुणाबरोबर तरी झेल पकडण्याचा खेळ, ज्यात चेंडूकडे किंवा पुढच्या पावलाकडे बघावंच लागतं, तिथे ते थोडा वेळ बंद पडतं.

घराबाहेर पडवतच नसेल तर

ताकदीचे व्यायाम करा. लोकांना वाटतं डंबेल म्हणजे शरीर कमावणाऱ्यांचं काम. २०१८ मध्ये ३३ चाचण्या आणि १,८७७ माणसांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात ताकदीच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी झाली. आणि ताकद किती वाढली यावर ते अवलंबून नव्हतं. ज्यांचे स्नायू फारसे बळकट झाले नाहीत त्यांनाही फायदा झाला.

खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, आठ-दहा वेळा. भिंतीला तळहात लावून दंड. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या घेऊन हात कोपरात वाकवणं. टाचा उचलणं. थोडी विश्रांती, पुन्हा एक फेरी. दारं बंद करून, पडदे ओढून, रात्रीच्या कपड्यांतही हे होतं. कुणी बघत नाही, दमछाक होत नाही, म्हणून पॅनिकवाल्यांनाही सुरुवातीला हेच सोपं जातं. आणि मोजता येतं. गेल्या आठवड्यात आठ, या आठवड्यात दहा. नैराश्यातल्या माणसाला ‘मी काहीच करत नाही’ असं सतत वाटत असतं. त्याच्यासमोर हा दहाचा आकडा असतो.

‘अहो, दिवसभर घरात राबतेच की मी, अजून कसला व्यायाम?’ हा प्रश्न मला फार वेळा येतो, आणि तो रास्त आहे. घरकामाने, नोकरीतल्या अंगमेहनतीने शरीर हलतं यात शंका नाही. पण स्वतःच्या मर्जीने, स्वतःसाठी काढलेल्या वेळातल्या हालचालीचा मनाशी जसा चांगला संबंध अभ्यासांत दिसतो, तसा लादलेल्या कामाचा दिसत नाही. म्हणून राबणाऱ्या बाईला मी जास्त मेहनत सांगत नाही. वीस मिनिटं अशी मागते की ज्यात ती कुणाचंच काही करत नसेल.

आकड्यांचं काय

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेला आकडा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचा किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराच्या व्यायामाचा आहे, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम. हा वाचून आजारी माणूस गळपटतो. त्याला मी दुसरा आकडा सांगते: दीड लाखांहून जास्त लोकांच्या पाहण्यांचं २०२२ मधलं विश्लेषण सांगतं की या शिफारशीच्या निम्मं करणाऱ्यांनाही नैराश्याचा धोका काहीच न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी होता, पूर्ण करणाऱ्यांना २५ टक्क्यांनी. शून्यापासून थोड्यापर्यंतच्या पहिल्या टप्प्यातच बरंचसं पदरात पडतं. पाच-पाच, दहा-दहा मिनिटांचे तुकडेही मोजायचे.

हे होतं कसं, असंही विचारतात. एंडॉर्फिनचं नाव सगळ्यांना पाठ असतं, पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. धावल्यानंतरच्या हलकेपणाचं श्रेय आता शरीरातच तयार होणाऱ्या, भांगेतल्या रसायनासारखं काम करणाऱ्या द्रव्यांकडे जास्त दिलं जातं. झोप सुधारते, मेंदूतल्या पेशींना पोसणारी प्रथिनं वाढतात, वगैरे. उत्तर एक नाही, आणि बूट घालायला ते माहीत असावं लागत नाही.

डॉक्टरांना आधी विचारायचं

थायरॉइड कमी असणं, रक्तक्षय, बी१२ ची कमतरता यांतही थकवा आणि उदासी येते, तेव्हा तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. बीटा ब्लॉकर गटातली (हृदयाची गती कमी ठेवणारी) गोळी चालू असेल तर नाडीचे ठोके हवे तेवढे वाढत नाहीत, म्हणून ठोके मोजून जोर ठरवू नका, बोलण्या-गाण्याची परीक्षाच वापरा. लिथियम (मनःस्थितीचे चढ-उतार आवरणारं औषध) चालू असेल तर भर उन्हात घाम गाळणं टाळा आणि पाणी कमी पडू देऊ नका. शरीरातलं पाणी घटलं की लिथियमचं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. ज्यांना द्विध्रुवीय विकार आहे, त्यांना अचानक झोप नकोशी वाटून रात्री-अपरात्री धावायची हुक्की आली तर तो व्यायामाचा उत्साह समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. व्यायाम चुकला की अपराधी वाटून जेवण टाळणं सुरू झालं, दुखापतीवरही धावणं चालू राहिलं, तरीही बोला.

मरणाचे विचार येत असतील तर चालण्याचा आराखडा बाजूला ठेवा. घरातल्या एका माणसाला सांगा, हेल्पलाइनला फोन करा, डॉक्टरांना आजच भेटा.

घरच्यांसाठी थोडंसं

‘तू जा’ पेक्षा ‘चल, मी चप्पल घालतोय’ हे बरं. त्याहून बरं, दारात बूट घालून उभं राहायचं आणि काही बोलायचं नाही. चालताना आजाराची चौकशी नको. माणसं समोरासमोर बसून जे बोलत नाहीत ते शेजारी चालताना आपणहून बोलतात, तेव्हा गप्प राहायला शिका. नाही आला तर चेहरा पाडू नका. एकटे जाऊन या आणि उद्या पुन्हा त्याच वेळी उभे राहा. ‘बघ, कसं छान वाटलं ना!’ हे वाक्य तर विसरूनच जा. त्याला छान वाटलेलं नसेल, आणि आता त्याला तुमच्यासाठी तसं नाटकही करावं लागेल.

खंड पडला की

पडणारच. सर्दी होते, परीक्षा येतात, आजार पुन्हा डोकं वर काढतो. जुन्या आकड्यावर परत जाऊ नका. शेवटी जेवढं करत होता त्याच्या निम्म्याने सुरू करा, आणि फारच वाईट दिवस असतील तर पुन्हा पायरीपासून. बुडालेल्या दिवसांची भरपाई करायला एका दिवशी दुप्पट करू नका. दुसऱ्या दिवशी अंग दुखेल आणि तिसऱ्या दिवशी ते निमित्त होईल. वहीत बुडालेल्या दिवसांच्या जागी काहीच लिहू नका, फुली तर मुळीच नको. नवं पान काढा, तारीख घाला, बूट घालायच्या आधीचा आकडा लिहा.